कोलंबो ते झांझिबार : नकाशावरची रेषा आणि प्रत्यक्षातला क्रम

रत्नागिरीचे एक निवृत्त जोडपे. काका ६७ वर्षांचे, वीज मंडळातून निवृत्त. काकू ६१ वर्षांच्या, आयुष्यभर हायस्कुलात भूगोल शिकवलेल्या. युरोपची पंधरा दिवसांची ठरीव सहल दोघांनाही नको होती. त्यांना आपलाच समुद्र पलीकडच्या काठाने बघायचा होता: कोलंबो, गॉल, माले, सेशेल्स, मॉरिशस, झांझिबार, मोंबासा. मुदत अडीच-तीन महिने, खर्च दोघांचा मिळून बारा-तेरा लाखांपर्यंत, साल २०२५. मी ओळखीपाळखीच्या लोकांचे प्रवास आखून देते, म्हणून काकांची वही माझ्याकडे आली. ती सफर कशी आखली गेली आणि मूळ बेतातले काय टिकले, काय गळाले, त्याची ही हकीकत.

काकांचा बेत सरळ होता. मुंबईहून दक्षिणेला श्रीलंका, मग मालदीव, तिथून सेशेल्स, खाली मॉरिशस, मग आफ्रिकेचा किनारा धरून झांझिबार-मोंबासा आणि तिथून घर. नकाशावर पेन्सिलने काढलेली ही रेषा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाते आणि दिसते फार देखणी. निघायचे जानेवारीत, कारण घरची हापूसची कलमे. एप्रिलात आंबा उतरायला लागतो आणि तेव्हा काका घरी नसणे शक्यच नव्हते.

अडचण अशी, की ही रेषा हवेच्या बरोबर उलटी जाते. जानेवारी-फेब्रुवारीत कोलंबो, गॉल आणि मालदीव उत्तम, तेवढे खरे. पण त्यानंतर प्रत्येक मुक्काम चुकीच्या महिन्यात पडतो. सेशेल्सला डिसेंबर ते मार्च वायव्येचे वारे आणि पाऊस. मॉरिशस साधारण २० अंश दक्षिणेला, भर वादळपट्ट्यात. तिथला चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, आणि जोर जानेवारी ते मार्च. २०२४ च्या जानेवारीत बेलाल वादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहत गेल्या होत्या. ते टळले तरी मार्च-एप्रिलमध्ये झांझिबार आणि केनियाच्या किनाऱ्यावर मोठा पावसाळा सुरू होतो, तो मेपर्यंत. म्हणजे सात ठिकाणांपैकी चार ठिकाणी छत्री घेऊनच उतरायचे.

जुन्या काळी कच्छहून, मस्कतहून झांझिबारला जाणारी गलबते हे सगळे पाळूनच निघत. हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर खाली जायचे, तो वारा फिरला की नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर परत. विमानाला वाऱ्याचे सोयरसुतक नाही, पण किनाऱ्यावर उतरून फेरीबोटीत बसणाऱ्याला आहे. शाळेत मोसमी वाऱ्यांचे धडे घेतलेल्या काकूंना हे एका वाक्यात पटले. काकांना पटायला दोन संध्याकाळी गेल्या.

गणपती मॉरिशसचा

काकूंची एक अट होती आणि तिने अर्धा प्रश्न परस्पर सोडवला. त्यांना गणपती मॉरिशसला बघायचे होते. रत्नागिरीच्या माणसाने गणपतीत घर सोडून परदेशी जायचे, हे ऐकायलाही चमत्कारिक. पण त्या वर्षी मूळ घरचा गणपती धाकट्या दिरांकडे होता आणि मोठ्या जावेने एकदाच्या सुट्टीला हरकत घेतली नाही.

मॉरिशसमध्ये मराठी माणूस गेला तो गिरमिटिया म्हणजे कराराने बांधलेला मजूर म्हणून, मुंबई बंदरातून. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत जवळजवळ साडेचार लाख मजूर या बेटावर उतरले. बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडचे. तमिळ, तेलुगू आणि मराठी लोक कमी, पण टिकून राहिले. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. ती सहसा आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते. २०२५ मध्ये आपल्याकडे २७ ऑगस्ट, तिथे सुट्टी २८ ऑगस्टला. आराखड्यात हा एक दिवसाचा फरक आधीच दिसला म्हणून बरे, नाहीतर गाडी आणि मुक्काम एक दिवस आधीचा ठरला असता.

चतुर्थीचा खुंटा रोवल्यावर बाकीचे महिने भराभर जागेवर बसले. ऑगस्ट-सप्टेंबर हा मॉरिशसचा हिवाळा: कोरडा, गार, वादळाचा प्रश्न नाही. पूर्व किनाऱ्यावर वारा बोचतो, म्हणून मुक्काम पश्चिमेला, फ्लिक-आँ-फ्लाकला. तिथून मराठी वस्तीसाठी ओळखले जाणारे कास्काव्हेल गाव हाकेच्या अंतरावर. सप्टेंबरअखेरपर्यंत झांझिबार कोरडे असते. सेशेल्सला मे ते ऑक्टोबर आग्नेयेचे वारे, पाऊस कमी पण समुद्र खवळलेला. आणि जुलैतली श्रीलंका? पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर पाऊस, पण पूर्व किनारा त्याच काळात उघडा असतो. त्रिंकोमालीचे देवमासे मे ते ऑक्टोबरमध्ये दिसतात, तर दक्षिणेच्या मिरिसाचे नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये. मग गॉलला एक रात्र, किल्ल्याच्या तटावर पावसात एक फेरी, आणि बाकीचा मुक्काम त्रिंकोमाली व कँडीकडे.

मालदीव या चौकटीत बसेना. तिकडे मे ते नोव्हेंबर नैर्ऋत्य मोसमी. महागड्या रिसॉर्टवाल्याला त्याने फरक पडत नाही, पण काका-काकूंना राहायचे होते स्थानिक लोकांच्या बेटावर, आणि तिथली सगळी ये-जा बोटीवर. मालदीव गळाले. रियुनियनचे नाव वहीच्या कोपऱ्यात होते, तेही गळाले. ते बेट फ्रान्सचे, तिथली व्हिसाची तऱ्हा निराळी, शिवाय २०२५ च्या सुरुवातीला तिथे चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. सांधे आधीच धरलेल्या माणसाला चिकुनगुन्याच्या वाटेला नेण्यात अर्थ नव्हता.

मोंबासा का सुटले

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो या प्रश्नाने, आणि अशा बेतांमध्ये तो फार उशिरा लक्षात येतो.

केनिया हा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत पीतज्वराचा (यलो फीवरचा) धोका असलेला देश आहे. तिथून येणाऱ्याकडे सेशेल्स, मॉरिशस आणि श्रीलंका लसीचा दाखला मागतात. भारत तर या बाबतीत फारच कडक. दाखला नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. कारण साधे आहे. हा रोग पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्याकडे घरोघरी आहे, डेंग्यू तोच पसरवतो. रोग मात्र अजून इथे शिरलेला नाही. एक आजारी प्रवासी पुरे.

लस एकदाच घ्यायची असते, सरकारमान्य केंद्रावरच मिळते, दहाव्या दिवसापासून दाखला लागू होतो आणि २०१६ पासून तो जन्मभर चालतो. तरुण, धडधाकट माणसाला यात काहीच अवघड नाही. पण ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांमध्ये तिचे गंभीर दुष्परिणाम तुलनेने जास्त दिसतात, त्यामुळे डॉक्टर जोखीम तोलूनच देतात. काकूंच्या बाबतीत एवढाच विचार होता. काकांना र्‍हुमॅटॉइड संधिवात, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. हे औषध प्रतिकारशक्ती दाबते. त्यांच्या संधिवाततज्ज्ञांनी कागद बघताच सांगितले, ही लस यांना नाही. काकांनी विचारून पाहिले, गोळी काही महिने बंद ठेवून लस घेतली तर? दोन वर्षे खटपट करून आटोक्यात आणलेला आजार एका बंदरासाठी मोकळा सोडायला डॉक्टर तयार झाले नाहीत, आणि ते बरोबरच होते.

उरला एक मार्ग, लस देता येत नसल्याचे डॉक्टरांचे पत्र. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत अशा पत्राची सोय आहे. मात्र ते मानायचे की नाही हे उतरणाऱ्या देशाचा अधिकारी ठरवतो. पत्र दाखवूनही विलगीकरण होऊ शकते. काकांचा मोंबासाच्या फोर्ट जीझसवर फार जीव. १५९३ साली पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, पुढे मस्कतच्या अरबांनी जिंकलेला तो किल्ला त्यांनी वहीत रेखाटून ठेवला होता. 'डासाला भिऊन मोंबासा सोडू?' असे ते म्हणाले. काकू म्हणाल्या, 'अहो, डासाला नाही, सहा दिवसांच्या कोठडीला. तिथे तुमचा डबा कोण आणणार?'

मोंबासा गळाले. झांझिबारचे काय? ते टांझानियात. जागतिक आरोग्य संघटनेच्या धोक्याच्या यादीत टांझानिया नाही. पण प्रत्येक देशाची स्वतःची यादी असते, ती बदलते, आणि विमानतळावरच्या काउंटरवरचा माणूस तुमचा युक्तिवाद ऐकत नाही, त्याच्या पडद्यावर काय येते ते पाहतो. म्हणून तीन गोष्टी ठरल्या. झांझिबार सगळ्यात शेवटी, म्हणजे त्यानंतर दुसऱ्या कुठल्या बेटाच्या यादीला तोंड द्यायला नको. जाता-येता नैरोबी किंवा अदिस अबाबाला विमान बदलायचे नाही. विमानतळाबाहेर न पडणाऱ्याला भारतीय नियमांत सूट आहे, पण तीही आरोग्य अधिकाऱ्याची खात्री पटली तर. आणि डॉक्टरांचे पत्र तरीही जवळ ठेवायचे. निघण्याच्या आठवड्यात आपल्या आरोग्य खात्याची यादी पुन्हा उघडून पाहिली, मगच झांझिबारचे तिकीट पक्के केले. परतीला मस्कतला तीन दिवस उतरायचा मोह होता. त्याला याच कारणाने नकार दिला.

मलेरियाच्या गोळ्या हा वेगळा विषय. श्रीलंका २०१६ पासून मलेरियामुक्त, मॉरिशस-सेशेल्सलाही तो प्रश्न नाही, झांझिबारला आहे. कोणती गोळी मेथोट्रेक्सेटबरोबर चालेल हे त्याच डॉक्टरांकडून लिहून घेतले. मेथोट्रेक्सेटची खरी भीती वेगळीच असते. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली जाणे. प्रवासात वार विसरतात, म्हणून ती पाकिटे काकूंच्या पर्समध्ये गेली आणि रविवारी सकाळच्या चहाबरोबर एक-एक बाहेर येत राहिली. काकूंची स्वतःची झोपेची गोळी आम्ही मॉरिशसपुरती बदलून घेतली. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक औषधांवर तिथे निर्बंध आहेत, आधी परवानगी काढावी लागते.

मध्येच घरी

बेटांचा प्रवास आखताना लोक फसतात ते इथे. नकाशावर बेटाशेजारी बेट दिसते, आणि वाटते उडी मारली की पलीकडे. प्रत्यक्षात विमाने बेटावरून बेटावर फारशी जात नाहीत; ती मोठ्या शहराकडे जातात. त्रिंकोमालीहून सेशेल्सला जायचे तर सोयीचा रस्ता कोलंबो-मुंबई-माहे (सेशेल्सचे मुख्य बेट) असाच निघाला. मुंबईहून माहेला थेट विमान आहे, चार-साडेचार तासांचे. मग मी सुचवले की मुंबईला विमानतळावर रात्र काढण्यापेक्षा आठवडाभर घरीच या.

काकांना हे अपमानास्पद वाटले. मध्येच घरी आलो तर लांबची सफर कसली, गावात काय सांगायचे, वगैरे. माझ्या मते या आराखड्यातला सगळ्यात शहाणा भाग हाच होता. मेथोट्रेक्सेटवर असलेल्या माणसाची रक्ततपासणी ठराविक मुदतीने करावी लागते, यकृताची आणि पेशींची. ती घरच्या लॅबमध्ये, घरच्या डॉक्टरांच्या डोळ्यांखाली झाली. पुढच्या दोन महिन्यांची औषधे ताजी घेतली. श्रीलंकेचे पातळ कपडे काढून मॉरिशसच्या गार संध्याकाळींसाठी स्वेटर बॅगेत गेले. आणि एक गंमत, श्रीलंकेत नको वाटलेल्या सामानापैकी जवळजवळ निम्मे घरीच राहिले. प्रवास सुरू होण्याआधी कितीही सांगा, बॅग हलकी होत नाही.

शेवटचा टप्पा उलट बाजूने हास्यास्पद होता. मॉरिशसहून झांझिबार वायव्येला, आफ्रिकेला चिकटून. जवळचा रस्ता नैरोबीवरून, पण तो आम्ही बंद केला होता. त्यामुळे आधी सहा-सात तास उत्तरेला दुबई, मग पाच-साडेपाच तास दक्षिणेला झांझिबार. चिपळूणहून गुहागरला पुण्यावरून जावे तसे. पैसेही जास्त गेले. काका या तिकिटावर सही करताना बराच वेळ गप्प होते.

पैशाचे थोडक्यात. एका सहल कंपनीने सगळे मिळून तेरा लाखांचे पॅकेज दिले होते. २०२५-२६ च्या नियमाने परदेशी पॅकेजवर पहिल्या दहा लाखांना ५ टक्के आणि त्यावरच्या रकमेला २० टक्के टीसीएस (पैसे भरतानाच कापून घेतला जाणारा कर), म्हणजे एक लाख दहा हजार आधी भरायचे. ते बुडत नाहीत, विवरणपत्र भरल्यावर परत येतात. पण पेन्शनवाल्याचे लाखभर रुपये वर्षभर अडकतात. तिकिटे आणि मुक्काम सुटे घेतले, ही अडचण राहिली नाही. व्हिसाचा त्रास जवळजवळ नव्हता. मॉरिशसला आगाऊ व्हिसा लागत नाही, सेशेल्सला ऑनलाइन परवाना, श्रीलंकेलाही तसाच, टांझानियाला ५० डॉलरचा ई-व्हिसा. झांझिबारने १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक पाहुण्याला तिथल्याच सरकारी कंपनीचा ४४ डॉलरचा विमा सक्तीचा केला आहे, तुमच्याकडे दुसरा कितीही मोठा असो. तो खर्चात धरला नव्हता, वाढवला.

प्रत्यक्षात

श्रीलंकेबद्दल सांगण्यासारखे फार नाही. सगळे जसे ठरले तसे झाले. देवमासे पहाटेच्या बोटीतून दिसले. यूपीआय श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये २०२४ च्या फेब्रुवारीपासून चालते, पण सगळीकडे नाही. काकांनी पहिल्याच दिवशी नोटा काढून घेतल्या. श्रीलंका, सेशेल्स, मॉरिशस, तिन्हीकडे चलन रुपयाच, आणि तिन्ही रुपयांची किंमत वेगळी. काकूंनी प्रत्येक देशाचे पाकीट वेगळ्या रंगाचे केले होते.

सेशेल्स हा आराखड्यातला कच्चा दुवा. ऑगस्टमध्ये तिथले वारे सर्वांत जोरात असतात, म्हणून माहेला वायव्येच्या बो वालोंला राहिले, तिथे आडोसा असतो. माहे ते प्रालँ बेट बोटीने साधारण तासाभराचे, पण त्या महिन्यात बोट चांगलीच उसळते. काकूंना बोट लागते, म्हणून पंधरा-वीस मिनिटांचे छोटे विमान. प्रालँच्या व्हाले द मे जंगलात कोको-द-मेर पाहिला, जगातले सर्वांत मोठे बी. विकत घेतला नाही. परवाना आणि शिक्का असल्याशिवाय तो देशाबाहेर नेता येत नाही, आणि किंमत ऐकल्यावर परवान्याचा प्रश्नच उरला नाही. १५ ऑगस्टला ला दिग बेटावर जत्रा असते, बोटी आणि खोल्या तुडुंब. त्याच्या आत ते मॉरिशसला पोहोचावेत अशाच तारखा घेतल्या होत्या. काकांच्या मते सेशेल्स म्हणजे 'चौपट भावातले गणपतीपुळे'. काकूंना ते मान्य नाही.

मॉरिशसचा महिना मात्र सार्थकी लागला. गणपतीसाठी काकू इथून काही नेणार होत्या; दूर्वा, पत्री, फुले परवान्याशिवाय देशात घेत नाहीत हे आधी सांगितल्यामुळे फक्त अत्तर आणि कापसाची वस्त्रे नेली. चतुर्थीला कास्काव्हेलला आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर विसर्जनाला गेल्या. आरत्या आपल्याच, चालीत थोडा फरक, आणि आरती संपताच गप्पा क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत. एका आजींनी त्यांना विचारले, तुमच्या रत्नागिरीत अजून मराठी बोलतात ना? काकूंना काय उत्तर द्यावे कळेना.

पोर्ट लुईला आप्रवासी घाट पाहिला. मजूर बोटीतून उतरून ज्या सोळा पायऱ्या चढून येत, त्या तिथे जपल्या आहेत. २००६ पासून जागतिक वारसा. मजुरांच्या नोंदींची दफ्तरे मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, जिथे मराठीही शिकवली जाते. घाट छोटा आहे, पाऊण तासात संपतो. पण काकू दुसऱ्या दिवशी पुन्हा एकट्या गेल्या.

एक गोष्ट कोणत्याच वहीत नव्हती. पितृपक्ष ८ सप्टेंबरला लागत होता आणि काकांच्या वडिलांची तिथी मॉरिशसमध्येच येत होती. हे त्यांनी तिकिटे झाल्यावर सांगितले. रत्नागिरीच्या गुरुजींना फोन केला. गुरुजी म्हणाले, 'घरी भाऊ करील, तुम्ही तिथे पाण्याकाठी तर्पण करा.' मग गंगा तलावावर, जिथे १९७२ साली गंगेचे पाणी आणून मिसळले होते, तिथे काकांनी तर्पण केले. तळ्याकाठी माकडे फार. तीळ सांभाळायला काकू उभ्या होत्या.

झांझिबारला दहा दिवस. स्टोन टाउनचा 'बैत अल-अजाईब', म्हणजे १८८३ चा आश्चर्यांचा महाल, यादीत वर होता. पण डिसेंबर २०२० मध्ये त्याचा एक भाग कोसळला, त्यामुळे तो बाहेरूनच बघायचा असे आधीच लिहिले होते. काका तरी त्याच्यासमोर समुद्राकडे तोंड करून रोज संध्याकाळी बसत. उत्तरेला किती मैलांवर मोंबासा, हे त्यांनी एका होडीवाल्याला विचारून घेतले.

२ ऑक्टोबरच्या दसऱ्याआधी ते मुंबईत उतरले. आरोग्य तपासणीच्या टेबलावर पासपोर्ट उलटेपालटे पाहिले गेले, मध्ये कुठे थांबलात असे विचारले. काकांनी दुबईचे बोर्डिंग पास पुढे केले. अधिकाऱ्याने शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. डॉक्टरांचे पत्र कोणी मागितलेच नाही.